विंबल्डनच्या लेकी

२०२५ सालच्या जुलैमधली १२ तारीख. बाहेर आषाढातला पाऊस धरून बसला होता आणि आत अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, दुसऱ्या दिवशीच्या बिरड्यासाठी वाल सोलीत बसली होती. मी दोन दिवसांसाठी तिच्याकडे गेलो होतो. टीव्हीवर विंबल्डनचा बायकांचा अंतिम सामना लागला होता. एका बाजूला पोलंडची इगा श्वियाँटेक आणि दुसऱ्या बाजूला अमेरिकेची अमांडा अनिसिमोवा. आणि वाचकहो, आम्ही भावंडे नीट सावरून बसतो न बसतो तोच सामना आटोपलाही! ६-०, ६-०. घड्याळात मोजून ५७ मिनिटे. अक्काचे वाल अजून निम्मे शिल्लक होते.

जिंकणारीच्या हातात चांदीची ती प्रसिद्ध थाळी आली. पण अक्काचे लक्ष तिकडे नव्हते. हरलेली पोर डोळे पुशीत उभी होती. तशातही ध्वनिक्षेपकापुढे येऊन, त्याच सकाळी विमानाने येऊन पोचलेल्या आपल्या आईचे आभार मानीत होती.

“अशी कोरी हरलेली आणखी कुणी आहे का रे, की हिच्याच नशिबी आलं?” अक्काने विचारले.

मी पडलो इतिहासाचा मास्तर. असा प्रश्न म्हणजे मला आवतणच. त्या रात्री वाल सोलता सोलता तिला जे सांगितले, ते जरा झाडूनपुसून येथे मांडतो.

विंबल्डनच्या अंतिम सामन्यात अशी कोरी हार त्याआधी एकदाच झाली होती, ती १९११ साली. डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स या बाईंनी डोरा बूथबी यांना एकही गेम घेऊ दिला नव्हता. मध्ये ११४ वर्षे गेली, दोन महायुद्धे झाली, पण तसा निकाल पुन्हा लागला नाही. या चेंबर्सबाईंकडे आपल्याला परत यायचे आहे. पण कथा मुळापासून सांगावी म्हणतात.

विंबल्डनला पुरुषांची स्पर्धा १८७७ साली सुरू झाली. बायकांना तेथे उतरण्यासाठी आणखी सात वर्षे वाट पाहावी लागली. १८८४ साली अवघ्या १३ जणी खेळल्या आणि अंतिम सामना लागला तो दोघी सख्ख्या बहिणींत! लिलियन आणि मॉड वॉटसन, एका धर्मोपदेशकाच्या लेकी. थोरलीने पहिला सेट ८-६ असा घेतला. धाकटीने पुढचे दोन ६-३, ६-३ असे जिंकून बाजी मारली. एकोणीस वर्षांच्या मॉडला बक्षीस मिळाली वीस गिनी किमतीची चांदीची फुलांची परडी. दोघींच्या अंगावर पायघोळ पांढरे झगे होते आणि डोक्यावर टोप्या. घोळ सावरावा की चेंडू गाठावा, असा तो पेच. आपल्या बायका अशा वेळी पदर खोचतात. पण त्या बापड्यांना खोचायला पदरही नव्हता.

हा पेच सुटला तो एका शाळकरी मुलीपुरता. १८८७ साली लॉटी डॉड या मुलीने अजिंक्यपद पटकावले तेव्हा तिला सोळावेही लागले नव्हते. विंबल्डनची एकेरी जिंकणारी इतकी लहान मुलगी त्यानंतर आजतागायत झालेली नाही. तिच्या चपळाईचे एक कारण अगदी साधे होते. ती अजून पोर होती, म्हणून तिला आखूड झगा घालण्याची मुभा होती. प्रौढ बायका घोळात अडखळत आणि ही हरणासारखी चेंडूपाशी जाऊन पोचे. पुढे तिने आणखी चार वेळा विंबल्डन जिंकले, हॉकी खेळली, गोल्फमध्ये नाव काढले आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये धनुर्विद्येचे रौप्यपदकही मिळवले.

“पंधरा वर्षांची?” अक्काने हातातला वाल तसाच धरून विचारले.

मी मान हलवली आणि पुढच्या गोष्टीकडे वळलो. वळलो याला कारण होते. अक्काही पंधराची असताना खो-खो खेळायची. परकर गुडघ्यापर्यंत खोचून ती खांबाला वळसा घाली तेव्हा पाठलाग करणारीच्या हाती वाराच लागे. एके दिवशी मैदानाच्या कुंपणावर बसलेली मोठी मुले तिच्या उघड्या पोटऱ्यांकडे बोट दाखवून हसली. मी तेव्हा चौथीत होतो. मला तिचा नव्हे, स्वतःचाच अपमान वाटला. घरी येऊन मी वडिलांना सांगितले, “अक्का परकर वर खोचून पळते, सगळे हसतात.” दुसऱ्या दिवसापासून अक्का शाळेतून थेट घरी येऊ लागली. घरात कुणी ओरडले नाही, कुणी रडले नाही. फक्त खेळ थांबला.

असो. चेंबर्सबाईंकडे येऊ. त्यांनी विंबल्डनची एकेरी सात वेळा जिंकली. मग पहिले महायुद्ध आले आणि स्पर्धाच बंद पडली. १९१९ साली ती पुन्हा भरली तेव्हा बाई चाळिशीच्या होत्या, दोन मुलांची आई. आधीच्या विजेत्याने फक्त शेवटचा सामना खेळावा असा त्या वेळचा नियम होता. त्यांच्यासमोर उभी राहिली वीस वर्षांची फ्रेंच मुलगी, सुझान लाँग्लां. बाईंचा झगा जुन्या वळणाचा, लांब. सुझानचा पोटऱ्यांपर्यंतचा, बाह्या आखूड. प्रेक्षकांत काहींनी नाके मुरडली. राजे पंचम जॉर्ज आणि राणी मेरी समोर बसलेली.

सामना म्हणजे काय सांगावे! पहिला सेट सुझानने १०-८ असा घेतला, दुसरा बाईंनी ६-४ असा परत मिळवला. तिसऱ्यात सुझान दमली. तिच्या वडिलांनी कोन्याकमध्ये भिजवलेले साखरेचे खडे तिच्याकडे फेकले असे सांगतात. बाई ६-५ अशा पुढे, गुण चाळीस-पंधरा. एकच चेंडू, आणि आठवे अजिंक्यपद! सुझानने कसाबसा मारलेला चेंडू रॅकेटच्या लाकडी चौकटीला लागून जाळ्यापलीकडे पडला. पुढचाही गुण तिनेच वाचवला. अखेर ९-७ असा सेट तिचा झाला. चव्वेचाळीस गेमचा तो सामना.

ज्या बाईंनी १९११ साली दुसरीला कोरे घरी धाडले, त्याच १९१९ साली विजयापासून एका चेंडूवर थांबल्या. पण त्या रुसून बसल्या नाहीत. १९२५ साली, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीही त्या आपल्या देशाच्या संघातून खेळत होत्या.

“आपल्याकडची कुणी गेली होती का रे तिथं?” अक्काने विचारले.

गेली होती. १९३४ साली मुंबईच्या लीला राव विंबल्डनला पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांना हरवून पुढे गेल्या. दुसऱ्या फेरीत त्या हरल्या. पण तेथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव राहिले. तुकोबांच्या गाथेची इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ती ज्यांच्या देखरेखीखाली सिद्ध झाली, त्या शंकर पांडुरंग पंडितांची ही नात. आई पंडिता क्षमाबाई राव. त्यांनी गांधीजींच्या लढ्यावर संस्कृतात ‘सत्याग्रहगीता’ रचली.

“घरी कुणी काही म्हटलं नाही तिला?”

“कोण म्हणणार? तिची आई स्वतःच टेनिस खेळायची.”

अक्का थोडा वेळ काहीच बोलली नाही.

पुढचा इतिहास मी भराभर सांगितला. १९५७ साली अल्थिया गिब्सन ही हार्लेममध्ये वाढलेली मुलगी विंबल्डन जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली आणि तिने राणी एलिझाबेथच्या हातून थाळी घेतली. १९६८ साली तेथे प्रथमच रोख बक्षिसे आली, तेव्हा पुरुष विजेत्या रॉड लेव्हरला दोन हजार पौंड आणि बिली जीन किंगला साडेसातशे! हा पंक्तिप्रपंच मोडायला २००७ साल उजाडावे लागले. २०१५ साली आपल्या सानिया मिर्झाने मार्टिना हिंगिसबरोबर दुहेरी जिंकली, तीही तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी पिछाडी भरून काढून. आणि मॉडच्या वेळेपासून चालत आलेल्या पांढऱ्या कपड्यांच्या शिस्तीतून, अडचणीच्या दिवसांत जिवाला घोर नको म्हणून, आत गडद रंगाची चड्डी घालण्याची सवलत बायकांना मिळाली ती २०२३ साली. फुलांच्या परडीपासून एवढ्याशा गोष्टीपर्यंत यायला जवळजवळ एकशे चाळीस वर्षे लागली.

पाऊस जरा ओसरला होता. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटले, “अक्का, तुझा खो-खो बंद झाला ना, तेव्हा वडिलांना मीच येऊन सांगितलं होतं.”

“ठाऊक आहे मला,” ती वर न बघता म्हणाली. “त्याच रात्री कळलं होतं. तू माझ्या पानातली पोळी न मागता मला वाढलीस, तेव्हाच.”

मला काय बोलावे ते सुचेना. तिने परात माझ्याकडे सरकवली.

“चाळिशीची होती नाही रे ती बाई?” अक्का म्हणाली. “आणि एका चेंडूवर राहिली! सोल, उरलेले वाल सोल. आणि ती सुझान तो चेंडू नक्की कसा मारते, ते परत एकदा सांग.”