प्रतिकृतीतला काळ

वास्तूची प्रतिकृती घडवणे हा त्या वास्तूच्या वाचनाचाच एक प्रकार आहे, असे आम्ही मानतो. छायाचित्र पाहताना जे नजरेतून निसटते, ते मोजमाप घेताना निसटू शकत नाही. म्हणूनच शहरे वसवण्याच्या संगणकीय खेळांसाठी प्रसिद्ध इमारती घडवणाऱ्या हौशी खेळाडूंचा उद्योग निव्वळ करमणूक म्हणून बाजूला सारता येत नाही. टोकियोतील नकागिन कॅप्सूल टॉवर अशा प्रतिकृतीसाठी घेतला, तर हा मुद्दा विशेष स्पष्ट होतो.

किशो कुरोकावा यांची ही इमारत गिंझा भागात १९७२ मध्ये पूर्ण झाली. ११ आणि १३ मजली अशा दोन मनोऱ्यांवर कारखान्यात तयार झालेल्या १४० कॅप्सूल जोडल्या होत्या. प्रत्येक कॅप्सूल म्हणजे सुमारे १० चौरस मीटरची, एकाच गोल खिडकीची खोली; मनोऱ्याला ती चार बोल्टांनी धरलेली. १९६० मध्ये टोकियोतील जागतिक डिझाइन परिषदेच्या निमित्ताने पुढे आलेल्या मेटाबोलिझम, अर्थात ‘चयापचय’, या विचाराचे हे मूर्त रूप होते. शरीरातल्या पेशी बदलतात आणि शरीर टिकते. तशीच दर २५ वर्षांनी कॅप्सूल बदलावी आणि मनोरा टिकावा, ही कल्पना.

आता ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या २०१५च्या खेळासाठी ही इमारत घडवायची, असे समजू. घडवणारा एकच कॅप्सूल रचतो आणि तिच्या प्रती मनोऱ्यांभोवती मांडत जातो. संगणकावर भार पडू नये म्हणून तो पृष्ठभाग शक्य तितके कमी ठेवतो. बारीक तपशील कोरण्याऐवजी त्यांचे चित्र चिकटवतो. इमारतीचा पाया ८ मीटरच्या चौकटींत बसवावा लागतो, आणि लांबून दिसण्यासाठी आणखी ढोबळ असे दुसरे रूप द्यावे लागते. येथवर तो नकळत कुरोकावांच्याच वाटेने चाललेला असतो: एक घटक, त्याची पुनरावृत्ती, मग जोडणी.

वाट फुटते ती यानंतर. या खेळात वस्तीचा दर्जा उंचावला की घराची पायरी वाढते. जुने घर अख्खे नाहीसे होते आणि त्या जागी दुसरे उभे राहते. घर टिकवून त्याची एखादी खोली बदलण्याची सोय तेथे नाही. म्हणजे प्रतिकृतीत कॅप्सूलचा आकार उतरतो, पण तिचे बदलणे उतरत नाही.

हा दोष केवळ खेळाचा म्हणावा, तर खऱ्या शहराने तरी वेगळे काय केले? प्रत्येक कॅप्सूलचा मालक निराळा, त्यामुळे एकमत अवघड. खालची कॅप्सूल काढायची तर वरच्या हलवणे भाग. नळ गंजले, ॲस्बेस्टॉसची चिंता होती. अखेरपर्यंत एकही कॅप्सूल ठरल्याप्रमाणे बदलली गेली नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये सगळी इमारतच पाडायला घेतली गेली. २३ कॅप्सूल तेवढ्या जतनासाठी वाचल्या. भाग बदलून पूर्ण टिकवण्याचे स्वप्न पाहणाऱ्या वास्तूचे प्राक्तन खेळातल्या घरासारखेच ठरले.

जपानच्या परंपरेत याला एक उत्तर आहे. इसे येथील शिंतो मंदिर साधारण दर २० वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्याने बांधले जाते. अलीकडे ते २०१३ मध्ये बांधले गेले. लाकूड नवे असते, पण सुतारांच्या हातांतली विद्या जुनी असते. वास्तू तेथे पुनर्रचनेतच जपली जाते.

प्रतिकृतीचे मोल आम्हाला याच जागी दिसते. पडद्यावरचा तयार मनोरा इतिहास वाचवीत नाही. तो इमारतीचा मुखवटा असतो. पण तो रचताना ज्याला ‘ही खालची कॅप्सूल बाहेर कशी काढायची?’ असा प्रश्न पडला, त्याने कुरोकावांच्या रचनेतले स्वप्न आणि तिचा अडसर दोन्ही वाचले. इमारत पडल्यानंतरही तो प्रश्न कोणीतरी विचारत राहणे, एवढे जतन आपल्या हाती उरते.