तगराची पांढरी

रोम आणि पाँपेई पाहून आलेली कुटुंबे भेटली की मोठ्या हौसेने छायाचित्रे दाखवितात. मार्गदर्शकाच्या मागे चालत त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वीची घरे, दुकाने आणि फरसबंदीत उमटलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या पाहिलेल्या असतात. हे पाहणे मोलाचेच आहे. परंतु त्याच काळातील एक नगर लातूरहून मुरूड-ढोकीच्या वाटेने गेल्यास एका दिवसात पाहून परतता येते, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. ते नगर म्हणजे तेरणाकाठचे तेर, प्राचीन तगर. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत तेर व लातूर एकाच जिल्ह्यात होते.

इ.स. पहिल्या शतकात एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने आपल्या सागरी व्यापाराचे वर्णन लिहून ठेवले. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर हे फार मोठे नगर आहे, असे तो सांगतो. तेथून साधे कापड व नाना प्रकारची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोच बंदरात जात असे. पुढे शिलाहार राजे अभिमानाने स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, जसे राष्ट्रकूट आपले मूळ लत्तलूरचे, म्हणजे आपल्या लातूरचे, सांगत.

आता गावात शिरू. त्रिविक्रमाचे विटांचे मंदिर मागील बाजूस अर्धवर्तुळाकार आहे. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. पुढे संत गोरा कुंभारांचे मंदिर लागते. ज्या मातीतून पुराणवस्तुशास्त्रज्ञ खापरे वेचतात, त्याच मातीची मडकी गोरोबाकाकांनी घडविली.

संग्रहालयात मणी, मृण्मूर्ती, नाणी आणि हस्तिदंती वस्तू आहेत. १९३८ साली पाँपेईत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी साम्य असलेल्या मूर्ती आपल्याकडे तेर व भोकरदन येथे मिळाल्या. पाँपेईची मूर्ती नेमकी कोठे घडली याविषयी मतभेद आहेत, पण इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसने ते नगर गाडण्यापूर्वी ती तेथे पोहोचली होती, हे निश्चित. त्याच उपसागरातील पुत्युली बंदरात इ.स. ६० च्या सुमारास संत पौल बंदिवान म्हणून उतरला आणि रोमकडे निघाला. पूर्वेकडील मालही त्या बंदरात उतरत असे. यावरून आपल्या प्रांतातील ख्रिस्ती धर्माविषयी काही अनुमान काढू नये. ज्या जगात शुभवर्तमान पसरले, त्या जगाच्या बाजारपेठेत मराठवाडाही होता, एवढेच यातून कळते.

पाँपेई एका आपत्तीत गाडली गेली. तगराचे तसे झाले नाही. पडक्या घरावर नवे घर, राखेवर राख साचत गावाची ‘पांढरी’ उंच होत गेली. तीच पांढरी माती खणून लोक भिंतींना व माळवदांना वापरीत आले आणि तिच्याबरोबर इतिहासही उचलला गेला. १९५८ साली चापेकरांनी येथे शास्त्रीय उत्खनन केले. मात्र मातीतून निघालेले मणी व बाहुल्या टाकाऊ न मानता आयुष्यभर जमविल्या त्या तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी. संग्रहालय त्यांच्याच संग्रहातून उभे राहिले व त्यांचेच नाव त्याला आहे.

हे लिहिताना किल्लारीची आठवण टाळता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्याच मातीची माळवदे निजलेल्या माणसांवर कोसळली आणि सुमारे आठ हजार जीव गेले. गावे नव्या जागी वसली. जुनी गावठाणे ओस पडली. कोणाचे घर कोठे होते, पार कोठे होता, जात्यावर कोण काय गात असे, हे सांगणारी माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्यानंतर त्या गावांची केवळ पांढरी उरेल.

म्हणून दोन विनंत्या. धर्मग्रामाची पुढील सहल तेरला न्यावी. आणि परतल्यावर आपल्या मुलांनी घरातील आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसावे. लामतुरे यांनी मातीतले वेचले. आपल्याला तोंडचे वेचायचे आहे, आणि त्यासाठी वेळ थोडा आहे.