छत्रपती संभाजीनगर ते दिल्ली: अंतर किती, विमानाला वेळ किती लागतो? घरातून कधी निघायचं?

छत्रपती संभाजीनगर: दिल्लीत एम्समध्ये दाखवायचंय, मुलाची मुलाखत आहे किंवा तातडीने पोहोचायचंय, अशा वेळी मोबाईलवर पहिला शोध असतो तो अंतराचा. पण अंतर बघून तिकीट काढलं आणि घरातून निघायची वेळ चुकली, तर विमान हातचं जातं.

अंतर किती?
चिकलठाणा विमानतळ ते दिल्ली विमानतळ हवाई अंतर सुमारे ९८० किमी आहे. रेल्वेने मनमाड, भुसावळ, भोपाळमार्गे हेच अंतर सुमारे १,४०० किमी होतं. म्हणून सचखंड एक्स्प्रेसला दिल्ली गाठायला जवळपास २४ तास लागतात.

विमानाला वेळ किती?
थेट विमानाला साधारण दोन तास. ताशी ८०० किमी वेगाने हिशोब केला तर सव्वा तासच येतो. मग बाकीचा वेळ जातो कुठे? विमान धावपट्टीपर्यंत जातं, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, दिल्लीत उतरण्यासाठी कधी रांगही लागते. तिकिटावरच्या वेळेत हे सगळं धरलेलं असतं.

इतर शहरं (हवाई अंतर, थेट विमान)
मुंबई: सुमारे २८० किमी, साधारण १ तास
हैदराबाद: सुमारे ४३० किमी, साधारण सव्वा तास

गावातून धरायचा खरा वेळ
समजा, सिल्लोडहून दिल्लीच्या एम्सला जायचंय.
सिल्लोड ते चिकलठाणा, साधारण ६५ किमी: २ तास
विमानतळावर आधी पोहोचणे: २ तास
विमान प्रवास: २ तास
सामान घेऊन टॅक्सीने एम्स: दीड तास
एकूण साडेसात तास. म्हणजे दोन तासांच्या विमानासाठी जवळपास अख्खा दिवस धरावा लागतो. सकाळच्या ओपीडीला दाखवायचं असेल तर आदल्या दिवशीच पोहोचलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत दाट धुकं असतं, विमानं उशिरा सुटतात. तेव्हा हातात जास्त वेळ ठेवा.

हे विसरू नका
• सामान जमा करायचं काउंटर साधारण एक तास आधी बंद होतं. नंतर विनंती करूनही उपयोग होत नाही.
• तिकिटावरचं नाव आधार कार्डाप्रमाणेच हवं. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा.
• तिकीट शोधताना शहर जुन्या नावाने, औरंगाबाद म्हणून, दिसू शकतं. बिहारमध्येही औरंगाबाद आहे, म्हणून विमानतळाचा कोड ‘आयएक्सयू’ बघूनच पैसे भरा.
• पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा. काडेपेटी, लायटर घरीच ठेवा.
• दिल्लीत एकापेक्षा जास्त टर्मिनल आहेत. परतीच्या तिकिटावर कोणतं आहे ते बघा.

विमानांचं वेळापत्रक उन्हाळी आणि हिवाळी असं वर्षातून दोनदा बदलतं. त्यामुळे मागच्या वेळी कुणी गेलं होतं त्या वेळेवर विसंबू नका. आदल्या रात्री तिकिटावरची वेळ पुन्हा बघा आणि तिथून उलटा हिशोब करून घर सोडा.