आडनावाच्या मागावर

उचगावला लागूनच गांधीनगरची कापडपेठ आहे. लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिकडे जातो. पण त्याच जागी १९४३ ते १९४८ या काळात पोलंड देशातील सुमारे ५ हजार माणसे राहत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? वळिवडे कॅम्प म्हणून ती छावणी ओळखली जाई. त्या माणसांची नातवंडे आज इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत आहेत. ‘आमची आजी मूळची कुठली?’ असे विचारीत ती निघाली, की वाटेत वळिवडे लागते. हा माग काढतात तरी कसा, ते पाहू.

आधी ही माणसे इकडे आली कशी? सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून रशियाने पोलंडवर चाल केली. पूर्व भागातील लाखो लोकांना रशियनांनी १९४० पासून सैबेरियात व कझाकस्तानात नेऊन टाकले. १९४१ च्या जुलैत करार होऊन सुटकेची वाट मोकळी झाली. १९४२ मध्ये पुष्कळजण इराणात उतरले, आणि त्यांतील काही, बहुतेक बायका व मुले, कोल्हापूर संस्थानात आली. पुरुषमाणसे बहुधा सैन्यात होती.

आता नावांची गंमत बघा. पोलिश घरात बाप ‘कोवाल्स्की’, तर लेक ‘कोवाल्स्का’. माणसे एकाच घरची, पण आडनावाचे लिंग बदलते. हे ज्याला ठाऊक नाही, तो एकाच कुटुंबाची दोन कुटुंबे करून बसतो. ‘कोवाल’ म्हणजे लोहार. म्हणजे हे आपल्याकडच्या लोहार आडनावासारखेच झाले. विश्न्येवो गावचा तो ‘विश्न्येव्स्की’, जसा आपल्याकडे पन्हाळ्याचा पन्हाळकर. ‘स्टेफानोविच’ म्हणजे स्टेफानचा मुलगा. तिकडे क्रोएशियातल्या ‘मार्कोविच’चा अर्थही मार्कोचा मुलगा असाच. धंदा, गाव आणि बाप या तीन खुंट्यांना जगातली पुष्कळ आडनावे टांगलेली आहेत.

पण नुसत्या आडनावाने काम भागत नाही. कोवाल्स्की हजारोंनी सापडतील. म्हणून शोधणारा तीन गोष्टी धरतो: बापाचे नाव, जन्मसाल आणि आजीचे माहेर. पोलिश कागदात माहेरच्या नावाआधी ‘झ दोमू’, म्हणजे ‘अमक्या घरची’, असे लिहितात. मग गाव. इथे खरी अडचण येते. युद्धानंतर सीमा सरकल्या. तेव्हाचे पोलिश ‘ल्वुव’ आज युक्रेनचे ल्विव आहे. ‘विल्नो’ आज लिथुआनियाची राजधानी विल्नियस आहे. आजी पोलंडची, पण तिचे गाव पोलंडात नाही! तेव्हा जुना नकाशा उघडायचा, गाव कोणत्या चर्चच्या हद्दीत होते ते पाहायचे, आणि तिथल्या बाप्तिस्म्याच्या वहीचा पत्ता लावायचा.

छावणी उठली आणि तिथे सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. त्यांचेही गाव सीमेपलीकडे गेले. पण ‘लालचंदानी’ म्हटले की लालचंद नावाचा पूर्वज त्यात आलाच. जमीन सुटली, तरी पूर्वज नावात राहिला. एकाच जागेवर घर हरवलेली दोन माणसे पाठोपाठ राहून गेली, असे हे आपल्या शेजारचे गाव आहे.

शिक्षकबंधूंनो, आपल्याकडे साधने कमी आहेत का? गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणारे हेळवी आहेत. जन्ममृत्यूची नोंद असलेली जुनी कोतवाल बुके आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर तर तुमच्याच कपाटात आहे. तेव्हा मुलांना एवढे सांगा: आजीला तिचे माहेरचे नाव, तिच्या आईचे नाव आणि गाव विचारून वहीत उतरून आणा. आपल्या वंशावळीत पणजोबापर्यंत पुरुषांची नावे सापडतात. बायकांची नावे मात्र दोन पिढ्यांत पुसली जातात. कागद पुन्हा शोधता येतो. आजीच्या तोंडचे नाव तिच्याबरोबर जाते. म्हणून ते काम या सुट्टीतच होऊ द्या.