हातचा आणि खोळंबा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींनी मला याच शाळेत बेरीज शिकविली. एककाच्या घराची बेरीज पुरी होऊन हातचा मिळाल्याखेरीज दशकाच्या घराला हात लावायचा नाही, असा त्यांचा दंडक होता. आम्ही घाई करीत असू आणि पाटी पुसावी लागे. पुढे संगणक हा माझ्या पोटापाण्याचा विषय झाला, तेव्हा जगातील नामवंत अभियंत्यांनाही याच हातच्याने छळले असल्याचे मला दिसले. त्या छळाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

संगणकाचा प्रोसेसर एक आज्ञा संपवून मगच दुसरी हाती घेतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. वेगवान यंत्रे तसे करीत नाहीत. एका बाकावर पाच शिक्षक ओळीने बसले आहेत अशी कल्पना करा. पहिला चिठ्ठी उचलतो, दुसरा ती वाचून वहीतून आकडे काढतो, तिसरा हिशेब करतो, चौथा गरज पडल्यास कपाटातून आकडा आणतो आणि पाचवा उत्तर वहीत लिहितो. चिठ्ठी पुढे सरकताच पहिला नवी उचलतो. म्हणून एकाच वेळी पाच चिठ्ठ्या वाटेत असतात. हीच पाइपलाइन. आता पहिली चिठ्ठी म्हणते, ‘बेरीज वहीच्या तिसऱ्या ओळीत लिहा’, आणि लगेच दुसरी म्हणते, ‘तिसऱ्या ओळीतील आकडा दुप्पट करा’. दुसऱ्या शिक्षकाने वही पाहिली तेव्हा तेथे जुनाच आकडा होता. कोणी चुकले नाही. उत्तर मात्र चुकले. यास डेटा हॅझर्ड म्हणतात. एक उपाय असा की मागच्यांनी हात आवरून थांबावे. हा खोळंबा, म्हणजेच स्टॉल. दुसरा असा की तिसऱ्या शिक्षकाने वहीची वाट न पाहता आपले ताजे उत्तरच पुढच्या हिशेबास वापरावे. परंतु आकडा कपाटातून यावयाचा असेल, तर एक पाळी रिकामी जाते, ती कितीही चतुराई केली तरी चुकत नाही.

या अडचणीशी मोठ्या प्रमाणावर झुंज घेणारे आरंभीचे यंत्र म्हणजे आयबीएमचे 7030, प्रचलित नाव ‘स्ट्रेच’. स्टीफन डनवेल हे त्याचे प्रमुख. आधीच्या 704 या यंत्राच्या शंभरपट वेग हे उद्दिष्ट होते. पुढच्या आज्ञांची आगाऊ तयारी करणारा स्वतंत्र विभागच त्यात होता. एखाद्या निकालावर पुढची वाट ठरत असेल, तर निकाल येण्याआधीच अंदाजाने पुढे जावयाचे आणि अंदाज फसला की केलेले काम पुसून मागे फिरावयाचे, अशी त्याची रीत होती. पाटी पुसण्यात वेळ जातो, हे आम्हांस लहानपणीच ठाऊक होते! 1961 साली यंत्र लॉस अलामॉस येथे पोहोचले तेव्हा वेग सुमारे तीसपटच भरला. किंमत 1 कोटी 35 लाख डॉलरवरून 77 लाख 80 हजारांवर उतरवावी लागली, आणि डनवेल बाजूला पडले. स्ट्रेचमधील कल्पनांवर कंपनीची पुढची यंत्रे उभी राहिली, हे ध्यानी येण्यास काही वर्षे लागली. 1966 साली त्यांना ‘आयबीएम फेलो’ हा बहुमान देण्यात आला आणि कंपनीचे प्रमुख टॉमस वॉटसन यांनी झाल्या अन्यायाबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली.

दरम्यान 1964 साली सीमोर क्रे आणि जेम्स थॉर्नटन यांचे सीडीसी 6600 आले. त्यात हिशेब करणारे दहा स्वतंत्र विभाग होते, आणि कोण कोणाच्या उत्तराची वाट पाहत आहे याची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेस त्यांनी ‘स्कोअरबोर्ड’ म्हटले. क्रिकेटवेड्या आपल्या लोकांस हा धावफलक सहज समजेल. 1967 साली आयबीएमच्या रॉबर्ट टोमासुलो यांनी आणखी खोलवर पाहिले. दोन चिठ्ठ्यांचा परस्परांशी काही संबंध नसतो, केवळ वहीतील एकच ओळ दोघींना हवी असते. अशा वेळी थांबावयाचे कशासाठी? त्यांनी ओळीऐवजी उत्तरालाच खूण दिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत देखणी कल्पना हीच.

स्टॅनफर्ड येथे जॉन हेनेसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 1981 पासून उलट वाट धरली. यंत्राने राखण करावयाचीच नाही. आज्ञांचा क्रम लावणाऱ्या कंपायलरने मधली पाळी दुसऱ्या कामाने भरावी, नाहीतर कोरी सोडावी. त्यांच्या ‘मिप्स’ या नावाचा विस्तारच मुळी ‘पायऱ्यांना अडसर नसलेला मायक्रोप्रोसेसर’ अशा अर्थाचा आहे.

1980 च्या दशकाच्या अखेरीस मी ज्या कचेरीत होतो, तेथे या घराण्यातील प्रोसेसरचे एक यंत्र होते. वेगाच्या हव्यासाने मी बेरजेचा एक भाग थेट यंत्राज्ञांत लिहिला आणि क्रम तपासणारी सोय बंद केली. आकडे भरणाऱ्या एका तरुण बाईंनी सांगितले की त्यांची हाताने केलेली बेरीज यंत्राशी जुळत नाही. मी त्यांना सर्वांदेखत तीनदा पुन्हा मोजावयास लावले. यंत्र बहुतेक वेळा एकच उत्तर देई, क्वचित वेगळे. ते क्वचितचे उत्तर त्यांच्या बेरजेइतके असे. बऱ्याच रात्री घालविल्यावर कळले: कपाटातून आकडा मागवून मी तो लगेच पुढच्याच आज्ञेत वापरला होता. एरवी जुना आकडा हाती येई. नेमका त्या दोन आज्ञांच्या मध्ये यंत्राला दुसऱ्या कामाचा व्यत्यय आला, तरच नवा येऊन पोहोचे. नेहमीचे उत्तर चूक होते, अपवादाचे बरोबर. ज्या लोकांसमोर त्यांना मोजावयास लावले होते, त्यांच्यासमोरच मी माझी चूक सांगितली; परंतु तोवर बाईंची बदली दुसऱ्या विभागात झाली होती.

1991 साली मिप्स घराण्यात आर 4000 आला. त्याच्या पायऱ्या आठ झाल्या, जुन्या एका कोऱ्या पाळीने भागेना, आणि अशा वेळी थांबण्याची जबाबदारी यंत्राने पुन्हा स्वतःकडे घेतली. नाव मात्र तेच राहिले. त्या यंत्रावर मी माझा तो जुना भाग दुरुस्त न करता मुद्दाम चालवून पाहिला. प्रत्येक वेळी बाईंचीच बेरीज आली.