बिरड्याचा सण : कुलाब्याच्या किनाऱ्यावरील आठ दिवसांचा शाकाहार

रायगड जिल्ह्याच्या (१९८१ पूर्वीच्या कुलाब्याच्या) किनारपट्टीवर शाकाहार हा बहुतेक समाजांत सिद्धान्त म्हणून नव्हे, तर पंचांगाचा भाग म्हणून नांदत आला आहे. अलिबाग, रेवदंडा, मुरूड या बाजूस मासळी हे नित्याचे अन्न. परंतु श्रावण लागला की पुष्कळ घरांतून ती काही काळ बाजूस सारली जाते. पावसाळ्यात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, ताजी मासळी दुर्मिळ होते, आणि धर्माज्ञा व ऋतुमान यांची येथे सहज गाठ पडते. याच किनाऱ्यावरील बेने इस्रायल या मराठीभाषी यहुदी समाजातही असा एक अल्पकालिक शाकाहार पाळला जात असे. त्याचे नाव ‘बिरड्याचा सण’. त्या नावाचा अर्थ ऐतिहासिक पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

बेने इस्रायलांचे पूर्वज नवगावजवळ गलबत फुटून किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा धंदा व शनिवारचा विसावा यांवरून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. किहीमकर, झिराडकर, रोहेकर, पेणकर ही त्यांची आडनावे गावोगावच्या वस्तीची साक्ष देतात. खवले व पर असलेलीच मासळी खावी, हा नियम त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. मांस व दूध एकत्र न करण्याच्या नियमाला तर कोकणच्या नारळाने परस्परच सोय करून दिली : कालवणाला दाटपणा नारळाच्या रसाने येत असल्यामुळे दुधादह्याची गरजच पडत नाही.

यहुदी पंचांगातील अव महिन्याच्या नवमीस जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाप्रीत्यर्थ उपवास असतो. बेने इस्रायल त्यापूर्वीचे आठ दिवस मांस वर्ज्य करीत; या दिवसांतील वालाच्या बिरड्यावरून शोकदिनाचेच नाव ‘बिरड्याचा सण’ असे पडले. अव महिना अमावास्येनंतर सुरू होतो व दोन्ही पंचांगांत अधिक मासाची योजना आहे. त्यामुळे ही नवमी बहुधा श्रावण शुद्ध नवमीच्या आसपास, क्वचित आषाढात येते. २०२५ साली ती ३ ऑगस्टला, म्हणजे श्रावण शुद्ध नवमीसच आली. शेजारच्या कायस्थ प्रभूंच्या स्वयंपाकघरात श्रावणी सोमवारचे बिरडे शिजत असता यहुदी घरातही तेच शिजत असे. यावरून ही चाल शेजाऱ्यांकडून उचलली, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. उपवासाच्या आदल्या जेवणात मांस व मद्य घेऊ नये, असा नियम सुमारे इ. स. २०० च्या मिश्ना या ग्रंथातच आहे. वर्ज्य करणे हे यहुदी. वर्ज्य केलेल्याच्या जागी जे ताटात आले, ते कोकणी.

ते वालच का, याचे उत्तर शेतात आहे. भाताची कापणी झाल्यावर खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरले जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडी घरात येतात. पावसाळ्यात भाजीपाला व मासळी दोन्ही आटली असता साठवणीतले हेच कडधान्य हाताशी असते. कडवे वाल तसेच शिजविले तर खाववत नाहीत. ते भिजवावे लागतात, फडक्यात बांधून मोड आणावे लागतात, मग कोमट पाण्यात टाकून दाणा न्‌ दाणा सोलावा लागतो. या संस्कारांनी कडवटपणा कमी होतो व दाणा पचनास हलका होतो. उद्याच्या बिरड्याचा विचार परवाच करावा लागतो. खाण्याकडे इतके लक्ष पुरविण्याची सक्ती दुसरे कडधान्य क्वचितच करीत असेल.

मोड आलेल्या धान्यास संस्कृतात ‘विरूढ’ म्हणतात. ‘बिरडे’ हा शब्द त्यावरून आला असणे अर्थदृष्ट्या अगदी सरळ आहे. अडचण एवढीच, की आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होणे हा मराठीचा सामान्य नियम नव्हे. त्याहून उद्‌बोधक गोष्ट ही, की हाच पदार्थ ब्राह्मणी घरांतून ‘डाळिंब्या’ म्हणून अधिक ओळखला जातो. सणाचे नाव ‘डाळिंब्यां’वरून पडले नाही, ते कोणत्या शेजाराच्या बोलीतून आले, हे यावरून उमगते. ‘सण’ या शब्दाचेही तसेच. प्राकृत ‘छण’ म्हणजे उत्सव; त्यापासून आलेला हा शब्द शोकाच्या उपवासाला लावला गेला, कारण ज्या दिवसांचे अन्न ठरलेले ते सणाचे दिवस, हीच लोकव्यवहारातील कसोटी होती.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ मध्ये लिहिलेला व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास या नावांची मौलिक नोंद देतो. शुद्ध मराठी नावांचे सण प्राचीन आणि ‘रोजा’, ‘रमजान’, ‘उरूस’ असे फारसी-अरबी शब्द असलेले आचार नंतरचे, अशी थरांची मांडणी त्या नोंदीच्या आधारे रूढ झाली आहे. ती आकर्षक आहे, पण पुरेशी नाही. नावे नीट पाहिली तर मराठी नावे बहुतांशी घरात हाताने केलेल्या गोष्टींची आहेत : खीर शिजविणे (खिरीचा सण), दार लावून घेणे (दार फाळण्याचा सण), आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवणे (अनाशी ढाकण्याचा सण), वाल सोलणे. उलट ‘रोजा’ ज्यांच्या नावात आहे ते निव्वळ उपवास आहेत. चूल पेटण्याचा प्रश्नच नाही, म्हणून राज्यकर्त्यांच्या भाषेतला शब्द तेथे सहज बसला. एलियाहू हन्नाबीच्या उरुसाला नैवेद्य असतो, पण तो मलिद्याचा. पदार्थाचे नावच फारसी. तेव्हा हे थर काळाचे असण्यापेक्षा व्यवहारक्षेत्राचे असण्याचा संभव अधिक.

बिरड्याच्या सणापुरता तर याला आणखी एक आधार आहे. मिश्नेतील निर्बंध एका जेवणापुरता आहे. अवच्या प्रतिपदेपासून मांस सोडण्याची चाल तल्मुदोत्तर काळात वाढीस लागली. इ. स. पू. दुसऱ्या शतकात मायभूमी सोडली असे मानणाऱ्या समाजाने ती बरोबर आणली असणे शक्य नाही. ती पुढे कोणत्या तरी संपर्कातून, समुद्रमार्गाने चौलसारख्या बंदरात आली असली पाहिजे. आणि तरीही तिला मिळालेले नाव पूर्णपणे मराठी आहे. नाव जुने दिसते म्हणून आचार जुना ठरत नाही. आचार बाहेरून आला, त्याचे नाव मात्र वाल सोलणाऱ्या बायकांनी ठेवले.

एकोणिसाव्या शतकात कोचीनहून आलेल्या शिक्षकांमुळे हिब्रू नावे प्रचारात आली. मुंबईत १७९६ पासून व अलिबागेत १८४८ पासून सभास्थाने उभी होती; त्यांच्या व्यवहारात ‘तिशा बेआव’ हेच नाव स्थिरावत गेले. १९४८ नंतर समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे पंचांग तेच राहिले, पण अवच्या मागेपुढे पाऊस नाही, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या नाहीत, आणि खाचराच्या ओलीवर पिकलेले वालही नाहीत.