फझ टेस्टिंग म्हणजे काय? मोबाइलवर जोडाक्षरं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला मुद्दाम खराब फाइली का भरवतात?

फेब्रुवारी २०१८मध्ये एका तेलुगू जोडाक्षराने आयफोन वापरणाऱ्यांना हैराण केलं होतं. ते अक्षर असलेला मेसेज उघडला की ॲप बंद पडायचं. त्या अक्षरात कुठलाही व्हायरस नव्हता. अक्षर पडद्यावर मांडणाऱ्या कोडला ते झेपलं नाही, इतकंच. ॲपलने १९ फेब्रुवारीला आयओएस ११.२.६ हे अपडेट देऊन ही चूक दुरुस्त केली.

अशा चुका लोकांच्या फोनपर्यंत पोहोचण्याआधी कशा पकडायच्या? त्यासाठीची एक महत्त्वाची पद्धत म्हणजे फझ टेस्टिंग किंवा फझिंग. ती नेमकी कशी चालते आणि एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये कशी बसवतात, ते समजून घेऊ.

फझ टेस्टिंग म्हणजे नेमकं काय?

पिठाच्या गिरणीची परीक्षा घ्यायची आहे असं समजा. चांगला गहू टाकला तर पीठ येणारच. पण कुणी ओले दाणे टाकले, खडे टाकले, गव्हाऐवजी दोरी टाकली तर? गिरणी नुसती थांबेल की पेट घेईल? फझ टेस्टिंगमध्ये सॉफ्टवेअरची अशीच परीक्षा होते. वेडावाकडा, अर्धवट, मोडका डेटा प्रोग्रामला लाखो वेळा भरवायचा आणि तो कधी कोसळतो ते पाहायचं. हे काम करणाऱ्या प्रोग्रामला फझर म्हणतात.

या पद्धतीला 'फझ' हे नाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक बार्टन मिलर यांनी दिलं. १९८८मध्ये एका वादळी रात्री ते टेलिफोन लाइनवरून विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला जोडलेले होते. खराब हवामानामुळे लाइनवर खरखर होत होती, त्यामुळे त्यांनी टाइप केलेल्या कमांडमध्ये भलतीच अक्षरं घुसत होती आणि चांगले चालणारे प्रोग्राम बंद पडत होते. मिलर यांनी मग विद्यार्थ्यांना हेच मुद्दाम करून पाहायला सांगितलं. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात युनिक्सवरचे साधारण २५ ते ३३ टक्के प्रोग्राम असा डेटा दिल्यावर कोसळले किंवा अडकले होते.

आजचे फझर वेगळे कसे आहेत?

मिलर यांची पद्धत म्हणजे अंधारात दगड मारण्यासारखी होती. आजचे फझर दगड कुठे लागला ते बघतात. ते एक फाइल घेतात, तिच्यात थोडा बदल करतात आणि ती प्रोग्रामला देतात. त्या बदलामुळे प्रोग्रामच्या आतला, आधी कधीच न चाललेला कोड चालला, तर ती फाइल जपून ठेवतात आणि पुढचे बदल तिच्यावर करतात. अशी एकेक पायरी चढत फझर कोडच्या आडबाजूच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचतो.

२०१३मध्ये आलेला एएफएल हा या प्रकारचा सर्वांत गाजलेला फझर. त्याचे निर्माते मिहाऊ झालेव्स्की यांनी २०१४मध्ये एक प्रयोग केला. फोटो वाचणाऱ्या प्रोग्रामसमोर त्यांनी फक्त 'हॅलो' एवढा शब्द असलेली फाइल ठेवली. बदल करत करत एएफएलने त्यातून चक्क जेपेग फोटोच्या चालणाऱ्या फाइली तयार केल्या. जेपेग म्हणजे काय, हे त्याला कुणीही शिकवलं नव्हतं.

मराठीचा इथे काय संबंध?

आपण 'कि' टाइप करताना आधी 'क' आणि मग वेलांटी देतो, पण पडद्यावर वेलांटी आधी दिसते. 'सूर्य'मधला 'र' आधी टाइप होतो, पण दिसतो 'य'च्या डोक्यावर रफार बनून. ही जुळवाजुळव कुणीतरी करावी लागते. अँड्रॉइड, क्रोम आणि फायरफॉक्समध्ये ते काम हार्फबझ नावाची ओपन सोर्स लायब्ररी करते. नाव फारसी आहे. 'हर्फ' म्हणजे अक्षर. अँड्रॉइड फोनवर मराठी पोस्ट वाचताना हार्फबझ पडद्यामागे काम करत असतं.

हे काम करताना हार्फबझला फॉन्टची फाइल वाचावी लागते. आणि फॉन्ट नेहमी तुमच्या फोनमधलाच असतो असं नाही. अनेक वेबसाइट आपला फॉन्ट स्वतःच पाठवतात. म्हणजे अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल तुमच्या फोनवर उघडली जाते. कुणी मुद्दाम बिघडवलेला फॉन्ट पाठवला आणि तो वाचणाऱ्या कोडमध्ये चूक असली, तर हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकते. म्हणूनच हार्फबझच्या कोडमध्ये फझिंगसाठी वेगळा विभाग आहे.

फझिंग बसवतात कसं?

पहिली पायरी : बाहेरचा डेटा कुठून आत येतो ते शोधणं. हार्फबझसाठी ते दार म्हणजे फॉन्टची फाइल. फोटो दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी फोटो, चॅट ॲपसाठी मेसेज.

दुसरी पायरी : एक छोटं फंक्शन लिहिणं. याला फझ टार्गेट म्हणतात. फझरने दिलेले बाइट घ्यायचे आणि मूळ कोडकडे सोपवायचे, एवढंच त्याचं काम. हार्फबझमध्ये ते बाइट फॉन्ट समजून उघडले जातात आणि त्या फॉन्टमध्ये मजकूर मांडायला सांगितलं जातं.

तिसरी पायरी : कोडवर पहारेकरी बसवणं. मेमरीतली प्रत्येक चूक लगेच क्रॅश होऊन दिसत नाही. प्रोग्रामने शेजारच्या मेमरीत डोकावलं तरी तो पुढे चालत राहू शकतो. ॲड्रेससॅनिटायझर हे साधन जोडून कोड तयार केला की अशी चूक झाल्याक्षणी प्रोग्राम थांबतो आणि कोणत्या ओळीत गडबड झाली ते सांगतो.

चौथी पायरी : सुरुवातीच्या नमुना फाइली देणं. काही छोटे, चांगले फॉन्ट दिले तर फझरला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

पाचवी पायरी : चालवणं आणि सापडलेलं जपणं. ज्या फाइलने प्रोग्राम पाडला ती फझर बाजूला काढून ठेवतो. चूक दुरुस्त झाल्यावर ती फाइल प्रोजेक्टच्या कायमच्या चाचण्यांमध्ये ठेवतात, म्हणजे तीच चूक पुन्हा शिरली तर लगेच कळतं. हार्फबझच्या कोडसोबत असे बिघडवलेले फॉन्ट आजही ठेवलेले आहेत.

यासाठी सी किंवा सी++ यायलाच हवं असं नाही. गो भाषेत मार्च २०२२मधल्या १.१८ आवृत्तीपासून फझिंगची सोय मुळातच आहे. पायथॉन, रस्ट आणि जावासाठीही साधनं आहेत.

चोवीस तास चालवायचं कुणाच्या कॉम्प्युटरवर?

एप्रिल २०१४मध्ये 'हार्टब्लीड' ही चूक जगासमोर आली. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या ओपन सोर्स लायब्ररीत ती दोन वर्षं होती. एका खोट्या आकड्यामुळे सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा भाग परक्याला देऊन टाकत होता. त्यात पासवर्डही असू शकत होते. जग ज्यावर चालतं ते सॉफ्टवेअर मोजके लोक, तुटपुंज्या पैशांवर सांभाळतात, हे तेव्हा अनेकांना पहिल्यांदाच कळलं.

त्यानंतर २०१६मध्ये गूगलने ओएसएस-फझ ही मोफत सेवा सुरू केली. प्रोजेक्टने तीन छोट्या फाइली द्यायच्या : प्रोजेक्टची माहिती आणि संपर्क, कोड तयार करण्यासाठी लागणारं वातावरण, आणि कोड तयार करण्याच्या सूचना. पुढे गूगलचे कॉम्प्युटर अखंड फझिंग करत राहतात. बग सापडला की आधी फक्त प्रोजेक्ट सांभाळणाऱ्यांना कळवलं जातं, दुरुस्ती झाली का तेही आपोआप तपासलं जातं. ९० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर बग जाहीर होतो. मे २०२५पर्यंत या सेवेने १,००० प्रोजेक्टमध्ये मिळून १३,०००हून अधिक सुरक्षेच्या त्रुटी शोधून दुरुस्त करायला मदत केली, असं ओएसएस-फझ सांगतं.

मात्र ही सेवा प्रामुख्याने खूप वापरल्या जाणाऱ्या प्रोजेक्टसाठी आहे. लहान प्रोजेक्टसाठी २०२१मध्ये क्लस्टरफझलाइट आलं. कुणी कोडमध्ये बदल सुचवला की तो स्वीकारण्याआधी काही मिनिटं त्यावर फझिंग करता येतं.

मग सगळे बग सापडतात का?

नाही. व्हॉट्सॲपचे स्टिकर ज्या वेबपी प्रकारात असतात, त्या फोटोंसाठीची लिबवेबपी ही लायब्ररी अनेक वर्षं ओएसएस-फझवर होती. तरीही सप्टेंबर २०२३मध्ये तिच्यात गंभीर त्रुटी सापडली. ती ॲपलची सुरक्षा टीम आणि टोरंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबने कळवली होती, आणि तोपर्यंत हल्लेखोर तिचा वापर करू लागले होते. त्या चुकीपर्यंत पोहोचायला डेटा एका अतिशय विशिष्ट रचनेत असावा लागत होता. नुसते बदल करत तिथवर जाणं फझरला जमलं नाही.

दुसरं उदाहरण ओपनएसएसएलचं. नोव्हेंबर २०२४मध्ये गूगलने सांगितलं, की एआयने लिहिलेल्या फझ टार्गेटमुळे तिथे साधारण वीस वर्षं जुनी असावी अशी त्रुटी सापडली. माणसांनी लिहिलेली टार्गेट त्या कोडपर्यंत पोहोचतच नव्हती.

म्हणजे फझर कितीही मेहनती असला तरी त्याला जे दार दाखवाल तेच तो ठोठावतो. कोणतं दार राहिलं आहे हे कुणीतरी अधूनमधून पाहावं लागतं. आणि आलेला रिपोर्ट वाचून दुरुस्ती करायला माणूस लागतो. रिपोर्टचा ढीग साचला आणि वेळ कुणाकडेच नसला, तर फझिंग सुरू असूनही फोन सुरक्षित होत नाही.

तुम्ही काय करू शकता?

फझरने चूक पकडली, सांभाळणाऱ्यांनी ती दुरुस्त केली, तरी ती दुरुस्ती तुमच्या फोनवर येते फक्त अपडेटमधून. त्यामुळे ब्राउझर आणि फोनचं अपडेट 'नंतर बघू' म्हणून पुढे ढकलू नका.

कोडिंग येत असेल तर आणखी एक गोष्ट करता येईल. तुम्ही वापरता त्या एखाद्या ओपन सोर्स प्रोजेक्टला फझ टार्गेट आहे का ते पाहा. नसेल तर सांभाळणाऱ्यांशी बोलून एक लिहून द्या. आणि त्यातून बग निघाला तर तो सोशल मीडियावर टाकू नका, आधी त्यांना खासगीत कळवा. दुरुस्तीत हात लावलात तर त्यांना तीच सर्वांत मोठी मदत होईल.